फाटलं की फाडलं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे विषयासाठी मला लांब जावं लागलं नाही. इंग्रजीतलं एक रोजचं क्रियापद मी घेतलं आहे: टेअर. शाळेच्या पुस्तकामागच्या शब्दार्थांत ‘टेअर म्हणजे फाडणे’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. टेअर, टोअर, टॉर्न ही तीन रूपं पाठ झाली की मुलं पुढच्या शब्दाकडे वळतात. हा अर्थ अर्धाच आहे, असं माझं म्हणणं आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायचा तर तंजावर भागातल्या कुंभकोणमसारखं गाव पाहावं. तिथे तमिळ, मराठी, सौराष्ट्री, संस्कृत आणि इंग्रजी या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी राहिल्या आहेत.

आधी मराठीकडे बघू. मूल शाळेतून घरी येतं, सदऱ्याची बाही लोंबत असते. आई विचारते, “फाटला की फाडलास?” हा प्रश्न मराठीत इतक्या सहज येतो, कारण दोन्ही क्रियापदं तयार आहेत. फाटणे आपोआप घडतं, फाडणे कुणीतरी करतं. तसंच तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, सुटणे आणि सोडणे. शेवटच्या ‘ट’चा ‘ड’ झाला की कर्ता येऊन उभा राहतो. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेल्या त्या थोर ग्रंथात, फाटणें आणि फाडणें या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. एक अकर्मक, दुसरी सकर्मक. या दोन्ही नोंदींचा अर्थ इंग्रजीत देताना मात्र टेअर हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं.

इंग्रजीत कापड टेअर होतं आणि माणूसही कापड टेअर करतो. रूप बदलत नाही. वाक्यात पुढे कोण बसलं आहे, त्यावरून ओळखायचं.

तमिळ या बाबतीत आपल्या बाजूची आहे. भाषाकुल वेगळं, घडण वेगळी, तरी फाटण्याचा आणि फाडण्याचा भेद तिनेही राखला आहे. धातू एकच, किळि. पण तो दोन तऱ्हांनी चालतो. किळिंददु म्हणजे फाटलं, किळित्तान म्हणजे त्याने फाडलं. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात सहा खंडांत काढलेल्या तमिळ लेक्सिकनमध्ये याच्या दोन नोंदी आहेत, एक अकर्मक आणि एक सकर्मक, मोल्सवर्थमध्ये आहेत तशाच. फुटण्याचंही असंच: उडैंददु म्हणजे फुटलं, उडैत्तान म्हणजे त्याने फोडलं.

आणि फुटण्या-फोडण्यावर तर कुंभकोणमचं नावच उभं आहे. स्थलपुराण असं की प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजं एका कुंभात भरून ठेवली. पाण्यावर तरंगत तरंगत तो कुंभ इथे येऊन टेकला. शंकराने किराताच्या रूपात बाण मारला आणि कुंभ फोडला. अमृत सांडलं, त्याचं महामहम तळं झालं. अमृतात भिजलेल्या वाळूचं शिवलिंग झालं, ते आदिकुंभेश्वर. जिथून बाण सुटला तिथे बाणपुरीश्वराचं देऊळ दाखवतात. गावाच्या जुन्या तमिळ नावातही, कुडमूक्कु, कुडम म्हणजे घडा आहेच. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कथेतला कुंभ आपसूक फुटत नाही. तो पुरात वाहत आला, कुठेतरी आपटून फुटला असता तरी अमृत सांडलंच असतं. पण पुराणाला ते चाललं नाही. त्याला फोडणारा हवा होता, त्याच्या हातात बाण हवा होता, आणि बाण जिथून सुटला ती जागासुद्धा हवी होती. दर बारा वर्षांनी महामहमला लाखो माणसं त्या तळ्यात उतरतात. मागचा महामहम २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे.

आता कुंभकोणमच्या मराठी माणसांविषयी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, तोवर भोसल्यांचं राज्य तिथे होतं. राज्यासोबत कारकून, शास्त्री, कीर्तनकार, सरदार गेले आणि कावेरीकाठी वसले. राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. नावातला ‘टी’ तंजावरचा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे देताना त्यांनी केलेली भाषणं इंग्रजीत छापली गेली आहेत. त्यांचे चुलतभाऊ दिवाणबहादूर रघुनाथराव हेही याच गावचे, इंदूरचे दिवाण आणि विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. या मंडळींच्या घरात मराठी, ओसरीवर तमिळ, कचेरीत इंग्रजी.

इंग्रजीचं तर कुंभकोणम हे मोठं ठाणंच होतं. तिथलं सरकारी कॉलेज १८५४ सालचं, आणि ‘दक्षिणेचं केंब्रिज’ ही त्याची ओळख फार जुनी आहे. शेजारच्या वलंगैमानमध्ये १८६९ साली जन्मलेले श्रीनिवास शास्त्री या गावात शिकले. १९०७ साली ते पुण्याला गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ साली गोखल्यांच्या मागे त्याचे अध्यक्ष झाले. इंग्लंडातल्या श्रोत्यांनी ज्यांचं इंग्रजी कान देऊन ऐकलं, असे ते वक्ते. आणि याच कॉलेजात १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून आलेला रामानुजन नावाचा विद्यार्थी इंग्रजीत नापास झाला. त्याची शिष्यवृत्ती गेली. गणितात ज्याच्या पासंगाला कुणी पुरलं नसतं, त्याला इंग्रजी निबंधाने अडवलं. आपल्याकडे परकी भाषा शिकवताना शब्दाला शब्द ठेवून देतात आणि परीक्षा मात्र वाक्यांची घेतात, त्याची आठवण मला या प्रसंगाने नेहमी होते. रामानुजनचं मन गणिताशिवाय कशात नव्हतं हेही खरं. पण त्याच्यासारखं दुसरं काही नसलेल्या हजारो मुलांनाही त्याच दारात अडवलं गेलं.

शब्दाला शब्द ठेवल्याने काय होतं ते पाहू. खिळ्याला अडकून सदरा फाटला, असं आपण म्हणतो. इंग्रज माणूस सहज म्हणतो: आय टोअर माय शर्ट ऑन अ नेल. शब्दशः घेतलं तर ‘मी माझा सदरा खिळ्यावर फाडला’. मराठी कानाला हे वेड्यासारखं लागतं. स्वतःचा सदरा कोण कशाला फाडेल? पण त्या इंग्रजी वाक्यात ‘फाडला’ नाहीच. त्यातला ‘मी’ सदऱ्याचा मालक आहे, फाडणारा नाही. खेळाडू म्हणतो, मी गुडघ्याचा लिगामेंट टेअर केला. आपण म्हणतो, गुडघ्याचा लिगामेंट फाटला. इंग्रजीत अपघात ज्याच्यावर गुदरतो तोही कर्त्याच्या जागी बसतो, आणि त्याला कुणी दोषी धरत नाही. आपल्याकडे कर्त्याच्या जागी बसलं की जबाबदारी अंगावर आलीच. म्हणून आपल्या मुलाला ‘आय टोअर इट’ म्हणताना उगाच अपराधी वाटतं आणि मग तो काहीतरी चुकीचं, पण मनाला बरं वाटणारं वाक्य जुळवतो. मास्तर लाल रेघ मारतात. चूक व्याकरणाची असते, कारण मात्र त्याच्या मातृभाषेच्या नीतीत असतं.

मराठीत या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक जागा आहे. “माझ्या हातून फाटलं.” क्रियापद फाटणेच ठेवलं, म्हणजे हेतू नव्हता, पण हात माझा होता हे कबूल केलं. आपल्या घरांतल्या निम्म्या भांडणांचा निकाल या ‘हातून’वर लागतो. 

थोडं व्युत्पत्तीकडे. टेअर हा इंग्रजीतला जुना, घरचा शब्द आहे आणि त्याचं मूळ आपल्या संस्कृतातल्या ‘दॄ’ धातूशी एक आहे. त्या धातूपासून विदारण झालं आणि आपली दरीही झाली, जमीन दुभंगली ती जागा. म्हणजे हे क्रियापद तसं परकं नाही, दूरचं नातलग आहे. डोळ्यातल्या आसवांचा शब्द इंग्रजीत याच अक्षरांनी लिहितात, पण उच्चारतात टिअर, आणि त्याचा या धातूशी काही संबंध नाही. गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी हा घोटाळा नक्की अनुभवला असेल.

विदारण म्हटलं की नरसिंह. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळा होतो. मेलट्टूर वेंकटराम शास्त्र्यांनी तेलुगूत रचलेलं प्रल्हादचरित्र तिथे रात्रभर चालतं. प्रयोग करणारे गावातलेच पुरुष, स्त्रीपात्रंही तेच करतात. नरसिंहाचा मुखवटा पूजेतला. तो घालणारा उपास करून, शुचिर्भूत होऊन येतो. भाषा तेलुगू, गाव तमिळ, आणि या परंपरेला आश्रय होता मराठी राजांचा. आपल्या कीर्तनकारांच्या तोंडी हिरण्यकशिपूला ‘उभा फाडला’ असं येतं. इथे ‘फाटला’ हा शब्द कुणाच्या जिभेवर येणारच नाही. दिवस नाही, रात्र नाही, घरात नाही, बाहेर नाही, अशा सगळ्या पळवाटा बंद केलेली ती कथा. तिथे कर्ता संदिग्ध ठेवून कसं चालेल?

पण फाडणे म्हणजे नेहमी नासधूसच, असं मात्र नाही, आणि मराठीने याचा जो विस्तार केला आहे तो मला फार आवडतो. कुंभकोणमच्या बाजारात एका कापडदुकानात मी बराच वेळ बसले होते. गड्याने गठ्ठ्यातून सुती कापड ओढलं, गजाने मोजलं, काठाला कात्रीने बोटभर चीर दिली, मग दोन्ही हातांनी धरून एका दमात टर्रकन फाडलं. कात्री लावली असती तर रेघ वाकडी गेली असती; फाडलेलं कापड आडव्या धाग्याला धरून सरळ जातं. आपल्याकडेही जुने कापडवाले असंच करतात. इथे फाडणे हीच नेमकी, काटेकोर क्रिया. तिरुभुवनममध्ये मात्र, कुंभकोणमपासून काही मैलांवर, रेशमी साडी मागावरून उतरवताना ताण्याचे धागे कापतात. विणताना एखादा धागा गेला तर तो ‘तुटतो’, फाटत नाही. फाटण्यासाठी आधी पसरट, अखंड असं काही असावं लागतं: कापड, कागद, पान, कातडी, शीड, आभाळ. धागा तुटतो, शिवण उसवते, घडा फुटतो. विणकरांच्या गावात या भेदांवर पोट चालतं.

मग आपली पावती. गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येतात आणि विचारतात, “काका, किती रुपयांची फाडू?” इथे फाडणे म्हणजे देणे, नोंदवणे. त्यातूनच दुसऱ्याच्या नावावर बिल फाडणं आलं, दोष ढकलणं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्याला आपण म्हणतो, काय फाडफाड इंग्रजी बोलतो! तमिळमध्ये मात्र हेच क्रियापद टोमण्यात गेलं. ‘एन्न किळिच्चे?’ म्हणजे शब्दशः काय फाडलंस. अर्थ असा की मोठे दिवे लावलेस. एकाच गल्लीतली मराठी आजी इंग्रजी बोलणाऱ्या नातवाचं कौतुक फाडण्याने करील आणि तिची तमिळ शेजारीण त्याच फाडण्याने त्याला जमिनीवर आणील. असे शेजार भाषेला शहाणं करतात.

आता एक प्रांत असा, जिथे इंग्रजी टेअरला स्वतःचं अपुरेपण भरून काढावं लागतं: कायदा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. त्यातलं कलम ७० मृत्युपत्र रद्द करण्याविषयी आहे, आणि त्याचा साचा इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यातला आहे. जाळणे, टेअर करणे किंवा दुसऱ्या रीतीने नष्ट करणे, यांनी मृत्युपत्र रद्द होतं. पण कायदा तिथे थांबू शकत नाही. ते काम मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः केलेलं असावं, किंवा त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने केलेलं असावं, आणि हेतू रद्द करण्याचा असावा, असं सगळं जोडावं लागतं. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या अटी मला मराठी क्रियापदांच्या रांगेसारख्या दिसल्या. पेटीतल्या वाळवीने किंवा जुन्या घडीवर कागद फाटला, तर मृत्युपत्र कायम. म्हाताऱ्याने मन बदलून फाडला, तर रद्द. म्हाताऱ्याने समोर बसून मुलाकडून फाडवला, तरीही रद्द. मुलाने परस्पर फाडला, तर कायम. फाटणे, फाडणे, फाडवणे. हेतूची अट वेगळी सांगावी लागते हे खरं. रागाच्या भरात भलताच कागद फाडणारा माणूसही ‘फाडला’ असंच म्हणतो. पण कर्त्याचं निम्मं काम आपल्या धातूंनी आधीच केलेलं असतं.

कुणी म्हणेल, तुम्ही मराठीची तरफदारी करता. तर विरुद्ध पुरावाही ठेवते. मोडणे हे आपलं क्रियापद दोन्हीकडे चालतं: खुर्ची मोडली, आणि त्याने खुर्ची मोडली. उसवणेही तसंच. तिथे मराठी इंग्रजीसारखीच वागते आणि तमिळ आपल्यापेक्षा काटेकोर ठरते. मोडण्यासाठीचा ओडि हा धातू तिथेही दोन तऱ्हांनी चालतो. संस्कृत व्याकरणकारांनी या प्रश्नाला नावच दिलं आहे, कर्मकर्तरी. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात त्यावर सूत्र आहे, आणि वृत्तिकार उदाहरण देतात ते लाकडाचं, आपणच फुटणाऱ्या लाकडाचं. कुऱ्हाड कुणीतरी चालवली आहे हे त्यांना ठाऊक आहे. लाकूड इतकं सुकं की फोडणाऱ्याला श्रमच नाहीत, म्हणून बोलणारा कर्त्याला बाजूला ठेवतो. कर्ता नाही असं नव्हे. तो सांगायचा नाही असं बोलणाऱ्याने ठरवलं आहे. ठरवणारा बोलणारा असतो, आणि भाषा त्याला ती मुभा कितपत देते एवढाच फरक.

ही मुभा आज मराठीत फार सैल वापरली जाते, आणि याची मला चीड येते. वर्तमानपत्र उघडा. सभेत फलक फाटले. दंगलीत दुकानांच्या काचा फुटल्या. वस्तीतली घरं तुटली. हातात ‘फाडले, फोडल्या, तोडली’ ही क्रियापदं तयार असताना, आणि फाडणारा कोण हे दहा माणसांनी पाहिलेलं असताना, लिहिणारा ‘ट’वर थांबतो. इंग्रजीत अशी लपवाछपवी करताना बहुधा कर्मणी प्रयोग येतो आणि तो वाचकाला दिसतो. आपल्याकडे एखाददुसरं अक्षर बदललं की काम भागतं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. वार्ताहर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सांगते: नाव माहीत नसेल तर ‘कुणीतरी फाडले’ लिहा. नाव छापायची हिंमत नसेल तरीही ‘फाडले’ लिहा. ‘फाटले’ फक्त वाऱ्यासाठी ठेवा.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात केळीची लागवड दाट आहे आणि मोठं पान वाऱ्याने शिरांच्या रेषेत फाटतच जातं. झाडाला त्याचा फारसा त्रास नाही. चिरा पडल्या की वारा पानातून निघून जातो. जेवायला लागणारी अखंड पानं मात्र वेगळी निवडून आणावी लागतात. हे निखळ फाटणं.

शेवटी एका रूपाबद्दल बोलायचं आहे, ज्याला इंग्रजीत जोडच नाही. फाडवत नाही. फाडवेना. ताकद आहे, कागद हातात आहे, कुणी अडवत नाही, तरी मन धजत नाही. हे सांगायला मराठीला धातूत एक ‘व’ पुरतो, आणि कर्ता ‘मला’ होऊन बाजूला सरतो.

कुंभकोणममध्ये एका घरी मला कागदांचा एक जुडगा दाखवला गेला. सासऱ्यांच्या वडिलांचे हिशेब आणि पत्रं, सगळी मोडी लिपीत. त्या बाई मराठी बोलतात, तंजावरच्या वळणाची. लिहितात मात्र तमिळ. मोडी घरात कुणालाच येत नाही, तीन पिढ्या झाल्या. शेतीचं काही असेल, लग्नाचं असेल, देण्याघेण्याचं असेल. मुलगा म्हणतो, जागा अडते, काढून टाका. त्यांना ते टाकवत नाहीत, फाडवत तर मुळीच नाहीत. असे जुडगे त्या पट्ट्यात त्या एकाच घरी असतील असं मला वाटत नाही. दरबारी मोडी दफ्तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि तमिळ विद्यापीठाने त्यातले काही कागद तमिळमध्ये आणून छापलेही आहेत. घरांतले कागद मात्र कुणाच्या यादीत नाहीत.

महाराष्ट्रात आज मोडीचे वर्ग पुष्कळ चालतात, पुराभिलेख खात्याची परीक्षाही आहे. या सभागृहातही मोडी वाचणारे पाच-दहा जण असतील. त्यांना माझी विनंती आहे. दोघादोघांनी जा, बरोबर तमिळ बोलणारं कुणीतरी घ्या. कागद मागू नका, घरीच वाचा आणि घरच्यांना त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा. घड्या आधी उलगडू नका. जुना कागद घडीवरच फाटतो, म्हणून आधी बाहेरून छायाचित्र घ्या, मग हळू उघडा. कुंभकोणमच्या त्या घराने होकार दिला आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर संयोजकांकडे नाव द्यावं.